ओट्सची खळ का होते?

पत्राचा आशय असा : मूळचे सांगलीचे, सध्या नोकरीनिमित्त साताऱ्यात एकटे राहणारे एक ४१ वर्षांचे वाचक लिहितात की, ते रोज पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळायला जातात, साडेसातला परततात आणि नऊच्या आत त्यांना कार्यालय गाठायचे असते. सहा महिन्यांपासून ते रात्री दुधात ओट्स भिजवून फ्रिजमध्ये ठेवतात आणि सकाळी तेच खातात. एक वाटी ओट्स, एक वाटी दूध आणि दोन चमचे चिया हे प्रमाण त्यांनी एका व्हिडिओत पाहिले. ओट्स दुकानात मिळतील ते आणतात. दूध पिशवीतले, संध्याकाळच्या चहाला लागून उरेल ते बरणीत ओततात. शनिवारी दुपारी सांगलीला निघण्यापूर्वी सोमवारची बरणीही भरून ठेवतात, कारण परतायला रविवारी रात्र होते. एखाद्या दिवशी चमचा उभा राहील असा गोळा होतो, एखाद्या दिवशी वर दूध आणि खाली गाळ राहतो, आणि सोमवारी तर हमखास बुळबुळीत लगदाच हाती येतो. मागच्या महिन्यात आई राहायला आली होती. तिने बरणी उघडून पाहिली आणि ‘ही तर पोस्टर चिकटवायची खळ’ असे म्हणून झाकण लावून टाकले. शिवाय कच्चे धान्य पोटात घालू नकोस, अशी ताकीदही दिली. त्यांचा प्रश्न असा की, चियाचे प्रमाण वाढवावे, परदेशी महागडे ओट्स मागवावेत, की हा नाद सोडून सकाळी उठून पोहे करावेत?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा माझे लक्ष शेवटच्या तीन प्रश्नांकडे गेले. दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले की, उत्तर त्या प्रश्नांच्या आधीच, पत्राच्या मध्यावर, तुम्ही स्वतः लिहून ठेवले आहे. ओट्स ‘मिळतील ते’ आणि दूध ‘उरेल ते’ हे शब्द पुन्हा एकदा वाचून पाहा. एकच कृती रोज वेगळ्या तऱ्हेने फसते आहे असे तुम्हाला वाटते. मला मात्र असे दिसते की, तुम्ही सहा महिने रोज निराळी कृती करत आहात. ज्या संध्याकाळी खोलीवर कोणी मित्र आला आणि चहाचे दोन कप वाढले, त्या रात्री बरणीत पाऊण वाटी दूध पडले असणार आणि सकाळी गोळा झाला असणार. ज्या दिवशी कार्यालयातून उशिरा आलात आणि चहाच केला नाही, त्या रात्री दीड वाटी दूध पडले असणार. दोष तुमच्या हातात नाही आणि ओट्समध्येही नाही. तो त्या अर्ध्या लिटरच्या पिशवीत आहे.

आता ‘मिळतील ते ओट्स’ याविषयी. तुम्ही सांगलीचे आहात, तेव्हा जाड पोहे आणि पातळ पोहे यांतला फरक तुम्हाला कोणी शिकवायला नको. जाड पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवायचे, पातळ पोह्यांवर पाण्याचा नुसता हबका मारायचा. पातळ पोहे जाड पोह्यांसारखे धुतले तर कढईत लापशीच होते. ओट्सचेही नेमके असेच आहे. पाकिटावर ‘रोल्ड’ असे लिहिलेले असते ते जाड, अखंड दाण्याचे चपटे पोहे. ज्यावर तीन मिनिटांत तयार होतील असे छापलेले असते ते बहुधा दाणे तोडून अधिक पातळ लाटलेले असतात. ‘स्टील कट’ म्हणजे दाण्याचे नुसते तुकडे, लाटलेले नव्हेत. ते दिसायला कण्यांसारखे असतात. पातळ ओट्स दोन-तीन तासांत पुरेसे भिजतात आणि रात्रभर ठेवले की त्यांचा आकारच उरत नाही. कण्यांसारखे तुकडे मात्र बारा तासांनंतरही दाताखाली कचकचतात, आणि दूध पुरते शोषून घेत नसल्याने ते वर उभे राहते. तुमच्या ‘वर दूध, खाली गाळ’ या तक्रारीमागे एखादे तसले पाकीट असण्याची शक्यता मी नाकारणार नाही. रात्रभर भिजवायचे तर रोल्ड हेच घ्यावेत आणि प्रत्येक वेळी तेच घ्यावेत. साताऱ्यात ते सहज मिळतात, त्यासाठी परदेशी पाकीट मागवण्याची काही गरज नाही. जाडी सारखी असेल तर देशी आणि परदेशी ओट्स बरणीत सारखेच वागतात, फरक खिशाला तेवढा पडतो.

पोह्यांचा दाखला आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. आई म्हणाल्या की कच्चे धान्य खाऊ नये, आणि तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. पण ओट्स कच्चे असतात हे गृहीतक तेवढे तपासून पाहायला हवे. ओट्सच्या दाण्यात इतर तृणधान्यांच्या मानाने स्निग्धांश बराच असतो आणि त्याला खवट करणारे विकरही (एन्झाइम) दाण्यातच असते, म्हणून कारखान्यात दाण्याला वाफ आणि उष्णता देऊन ते विकर निकामी करतात आणि मग रुळांखाली दाणा चपटा करतात. साळ गरम पाण्यात भिजवून, भाजून, मग चेपून पोहे करतात, त्यातलाच हा प्रकार. दहीपोह्यांचे पोहे आपण चुलीवर चढवत नाही, तरी ते कच्चे आहेत असे कोणी म्हणत नाही. आईंना हे सांगताना वाद घालण्याच्या सुरात सांगू नका. ‘हे परदेशातले पोहेच आहेत’ एवढे म्हटले तरी पुरेल.

खळ हा शब्द मात्र त्यांनी अचूक वापरला आहे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा पाण्यात विरघळणारा तंतू असतो. तो दाण्यातून हळूहळू दुधात उतरतो, पाणी धरून ठेवतो आणि दाट, किंचित चिकट असा गर तयार करतो. रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल कमी होण्याचे जे श्रेय ओट्सना दिले जाते ते याच तंतूला आहे, म्हणजे चिकटपणा पूर्णपणे घालवणे शक्य नाही आणि घालवूही नये. प्रश्न तो किती असावा एवढाच आहे. तीन गोष्टींनी तो प्रमाणाबाहेर वाढतो : ओट्स पातळ असणे, दूध कोमट असताना ओतणे आणि चमच्याने घोटत राहणे. पिठल्यासारखे घोटाल तर पिठल्यासारखेच होईल.

आता प्रमाण. इंटरनेटवरच्या प्रमाणाला तुम्ही जरा जास्तच मान दिला आहे असे मला वाटते. दुधात भिजवलेल्या ओट्सचा पूर्वज म्हणजे झुरिकचे डॉक्टर माक्सिमिलियन बिर्शर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी रूढ केलेला पदार्थ. त्यात ओट्स होते माणशी जेमतेम एक मोठा चमचा, तेही रात्री पाण्यात भिजवलेले. बाकी सगळे किसलेले सफरचंद, वर लिंबाचा रस, थोडे आटवलेले गोड दूध आणि कुटलेला सुकामेवा. तिथून आजच्या बरणीपर्यंत येताना प्रमाण पार उलटे झाले, आणि त्यात काही बिघडले असेही नाही. तेव्हा मी खाली जे प्रमाण देते आहे तेही आरंभ करण्यापुरतेच समजावे.

एका माणसाला ४० ग्रॅम रोल्ड ओट्स पुरतात. साधारण १२० मिलिलिटरच्या वाटीत ते सपाट भरून मावतात. त्याच वाटीने एक वाटी पूर्ण थंड झालेले दूध, दोन मोठे चमचे घट्ट दही, एक लहान चमचा चिया आणि मीठ चिमटीभर. मीठ वगळू नका. गोडाच्या शिऱ्यातही आपण कण घालतोच. ज्यांना आमटीसारखे सैल आवडते त्यांनी पाव वाटी दूध वाढवावे, ज्यांना श्रीखंडासारखे दाट हवे त्यांनी दही वाढवावे. माझा स्वतःचा कल रात्री थोडे घट्टच ठेवण्याकडे असतो, कारण सकाळी दोन-तीन चमचे दूध घालून सरसरीत करता येते, पण पातळ झालेले दाट करायला पुन्हा पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागते आणि नऊच्या कार्यालयासाठी धावणाऱ्याकडे ती नसतात. प्रवासाच्या दहीभातात आपण सकाळी दूध सढळ हाताने घालतो, कारण दुपारी डबा उघडेपर्यंत भात ते पिऊन टाकणार हे ठाऊक असते. इथेही हिशेब तोच, फक्त दूध मागाहून घालायचे.

वाटी आणि वजनकाटा यांतले काहीच नको असेल तर एक सोपी युक्ती आहे. तुमची काचेची बरणी घ्या, एकदाच नीट मोजून त्यात ओट्स भरा आणि बाहेरून त्या पातळीला कागदी पट्टी चिकटवा. मग मोजून दूध ओता, बुडबुडे निघून जाईपर्यंत बरणी दोनदा ओट्यावर आपटा आणि दुधाच्या पातळीला दुसरी पट्टी लावा. कोरड्या ओट्सचा थर चार बोटे असेल तर दूध त्याच्यावर जेमतेम बोटभर आलेले दिसेल, कारण बरेचसे दूध ओट्सच्या फटींत मुरते. भाताच्या पाण्याला आपण बोटाचे पेर लावतो तसाच हा अंदाज, आणि एकदा डोळ्यांत बसला की पट्टीही लागत नाही. फक्त चहासाठी दूध काढण्याच्या आधी हे दूध बाजूला काढून ठेवा. उरलेल्यावर चहा भागवा.

कालवताना एवढेच पाहा. सगळे एकत्र करून एकदा ढवळा, दहा मिनिटे बरणी तशीच ठेवा, मग तळापासून चमचा फिरवून पुन्हा एकदा ढवळा आणि झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. हे दुसऱ्यांदा ढवळणे बहुतेकांकडून राहून जाते. पहिल्या दहा मिनिटांत चियाचे दाणे फुगून एकमेकांना चिकटतात आणि तळाशी त्यांची ढेप बसते, ती तिथेच मोडली नाही तर सकाळी मोडत नाही. त्यानंतर मात्र चमचा लावू नका. एका दाराच्या लहान फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या थेट खाली बरणी ठेवू नये, तिथे दुधात बर्फाचे पापुद्रे धरतात आणि सुटले की वर पाणी दिसते. सहा ते आठ तास पुरेसे होतात.

चिया वाढवू का, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. उलट कमी करा. चिया आपल्या वजनाच्या दहापट पाणी सहज धरते. तुम्ही लिहिलेले दोन चमचे जर जेवणाचे असतील तर ते झाले २० ग्रॅमच्या आसपास, आणि ते एकटेच तुमच्या बरणीतले सगळे दूध पिऊन वर आणखी मागतील. ओट्सच्या वाट्याला मग काय राहणार? चमचा उभा राहतो तो त्यामुळे. एक लहान चमचा भरपूर झाला, आणि चिया अजिबात नसली तरी ओट्स नीट भिजतात, हे व्हिडिओंमधून सहसा कोणी सांगत नाही. साताऱ्या-सांगलीकडच्या काही वाचकांनी चिया समजून सब्जा घातल्याचे मला पूर्वी कळवले आहे. फालुद्यातला सब्जा तो हाच. तो काही मिनिटांतच फुगतो आणि त्याचे आवरण अधिक बुळबुळीत असते, म्हणून घालायचाच तर वेगळ्या पाण्यात भिजवून सकाळी घालावा.

दुधाविषयी थोडे. गवळ्याकडचे म्हशीचे दूध असेल तर तापवून, पूर्ण निववून, साय काढून वापरावे, नाहीतर थंडीत तिचे तुकडे गोठतात आणि तोंडात मेणासारखे लागतात. पिशवीतल्या ‘फुल क्रीम’ दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, ‘टोन्ड’मध्ये ३ टक्के, भिजवायला टोन्ड बरे, किंवा दाट दुधात चौथाई पाणी घालावे. गूळ रात्री दुधात घालू नये, सकाळी वरून किसावा. साताऱ्यात राहून कंदी पेढा कुस्करून घालण्याचा मोह होईल; महिन्यातून एखाद्या रविवारी मी तो माफ करते.

फळांनीही घट्टपणा बदलतो, आणि तुम्ही दोन फळबागांच्या मुलखांत ये-जा करता म्हणून हे सांगते. तासगावकडचे बेदाणे रात्रीच घालावेत, ते दूध पिऊन टपोरे होतात आणि साखरेची गरज उरत नाही. मात्र मूठभर घातलेत तर दूध दोन चमचे वाढवा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी रात्री चिरून घातली तर तिला पाणी सुटते आणि सगळे गुलाबी पाणचट होते, म्हणून ती सकाळीच चिरावी. केळेही सकाळीच, ते काळे पडते. ताजी पपई आणि अननस तर रात्रभर दुधात कधीच ठेवू नयेत. त्यांतली विकरे दुधातली प्रथिने तोडतात, दूध फुटल्यासारखे होते आणि चव कडवट लागते.

राहता राहिला तुमचा सोमवार. शनिवारी दुपारी भरलेली बरणी सोमवारी सकाळी उघडता तेव्हा ओट्स चाळीस तासांहून अधिक भिजलेले असतात. फ्रिज नीट चालू असेल तर दोन दिवसांत ते खराब होत नाहीत, पण दाणा विरघळून गेलेला असतो. बुळबुळीत लगद्याचे दुसरे काही गूढ नाही. शिवाय तुम्ही घरी नसताना वीज गेली आणि चार तासांहून अधिक काळ आली नाही, तर तुम्हाला ते कळणारही नाही, आणि उन्हाळ्यात दुधाच्या बाबतीत असा भरवसा ठेवणे मला पटत नाही. शनिवारी बरणीत फक्त ओट्स, चिया, बेदाणे आणि मीठ असे कोरडे भरून ठेवा. रविवारी रात्री कितीही उशीर झाला तरी पिशवी फोडून दूध ओतणे आणि दोनदा ढवळणे एवढे काम तुमच्याने होईल. अकराला भिजवले तरी साडेसातला साडेआठ तास होतात.

थंडीच्या दिवसांत घाटातून उतरल्यावर गार ओट्स घशाखाली उतरत नाहीत, अशी तक्रार तुम्ही केलेली नाही, पण डिसेंबरात कराल. तेव्हा रात्री दही घालू नका, कारण तापवताना ते फाटते. नुसत्या दुधात भिजवा आणि सकाळी मंद आचेवर कोमट करा. गरम होताना पिष्ट आणखी फुगते, म्हणून पाव वाटी दूध जवळ ठेवावे.

आणि पोहे? जरूर करा, ज्या दिवशी पळायला जाणार नसाल त्या दिवशी. पण ‘हे नाही तर ते’ असा प्रश्न तुम्ही का उभा केलात याचा मी विचार करत होते, आणि मला वाटते की आईंच्या त्या एका शब्दाने तुम्हाला आपण काहीतरी परके, न साधणारे करत आहोत असे वाटू लागले आहे. पुढच्या वेळी त्या येतील तेव्हा गोड बरणी पुढे करूच नका. रात्री एक वाटी रोल्ड ओट्स, पाऊण वाटी दूध आणि अर्धी वाटी ताजे दही असे मीठ घालून भिजवा, चिया नको. सकाळी कढल्यात तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग, हिरवी मिरची आणि कढीपत्ता यांची फोडणी करा, ती किंचित निवू द्या, मग वरून ओता. दोन चमचे शेंगदाण्याचे कूट, बारीक चिरलेली काकडी आणि कोथिंबीर घाला. काकडी आधी मीठ लावून पिळून घ्या, नाहीतर तिचे पाणी उतरते आणि वाटी पुन्हा सैल होते.